भुताचे दात

बाजारचा दिवस होता. निपाणीच्या वखारींतून तंबाखूचा खकाणा उडत होता, रस्त्यानं जाणारा-येणारा शिंकत होता, आणि भाद्रपदातलं आभाळ मधूनच चार थेंब शिंपडून पुन्हा उघडत होतं. भुजबलीअण्णांच्या दुकानात ब्राह्मी लवंगा घ्यायला उभी होती. तिच्या पुढं एक उंचच्या उंच माणूस होता. नाकापासून हनुवटीपर्यंत त्यानं रुमाल गुंडाळला होता, आणि तुरटीच्या खड्याकडं बोट दाखवून तो मुक्यासारखा खुणेनं मागत होता.

तेवढ्यात त्याला शिंक आली. एक नाही, लागोपाठ तीन. रुमाल सुटून खाली पडला.

तागडीत गूळ टाकणारा भुजबलीअण्णांचा हात तसाच वर राहिला. कडेची म्हातारी भिंतीला चिकटली. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "तिरडीवरचा..."

उरुसाला तंबूतला सिनेमा येऊन गेला होता. त्यातला तिरडीवर डोळे उघडणारा मुडदा साऱ्या निपाणीनं बघितला होता. ब्राह्मीनं तेवढा बघितला नव्हता; तिनं आजवर एकही सिनेमा बघितला नव्हता. तिला दिसलं ते वेगळंच — देवीच्या वणांनी भरलेला लांबट चेहरा, एका डोळ्याची अर्धी मिटलेली पापणी, आणि खालच्या हिरडीवर ताजं रक्त.

"हिरडी कशानं कापली?" तिनं विचारलं. "तोंडात पत्रा घातलता काय?"

त्या माणसानं तिच्याकडं बघितलं. इतकं नवल वाटल्यासारखं बघितलं, की ब्राह्मीनंच नजर खाली नेली.

"व्हय," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ, त्या चेहऱ्याशी न जुळणारा. "पत्राच. तुमास्नी कसं कळलं?"

"रेघ सरळ हाय म्हणून. तुरटी लावू नका, नुसती झोंबंल. आमच्या आप्पांस्नी दाखवा."

ब्राह्मीचे वडील जिनपाल आप्पा निपाणीत दात करायचे. तरुणपणी मिरजेला एका गोऱ्या डॉक्टराच्या हाताखाली ते हे कसब शिकले, आणि चिकोडीपासून कागलपर्यंतच्या म्हाताऱ्यांच्या तोंडांत त्यांच्या हातच्या कवळ्या होत्या. निदान लोक तसं समजत. खरं म्हणजे गेली पाच वर्षं आप्पांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. ते खुर्चीजवळ उभे राहून आल्यागेल्याशी गोड बोलायचे, हनुवटी धरायचे. ठसा घेणं, मेण कोरणं, रबर शिजवणं, दात घासून बसवणं, हे सगळं ब्राह्मी करायची; ती आप्पांच्या हाताखाली राबते, एवढंच लोकांना वाटे. बाईच्या हातची कवळी कोण तोंडात घालणार, म्हणून ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. आणि म्हणूनच एकविसावं सरत आलं तरी तिच्या लग्नाचा विषय आप्पा काढत नव्हते. काढावा असं तिलाही फारसं वाटत नव्हतं.

खुर्चीत बसल्यावर त्या माणसानं आपली हकिकत सांगितली. नागोजी त्याचं नाव. बेळगावशेजारच्या येळ्ळूरचा, शेतकऱ्याचा पोरगा. सात वर्षांचा असताना देवी आल्या आणि चेहऱ्यावर खुणा ठेवून गेल्या. पुढं बैलाचं शिंग लागून पापणी मिटली. गावात लोक त्याच्याशी बोलताना तोंडाकडं न बघता खांद्याकडं बघायचे. विसाव्या वर्षी तो कोल्हापूरला गेला तो कुस्ती करायला, अन् लागला एका सिनेमा कंपनीत फळ्या उचलायला. एके दिवशी मुडद्याचं काम करणारा नट तापानं पडला. नागोजीला तिरडीवर निजवलं आणि सांगितलं, खूण झाली की डोळे उघड. त्यानं उघडले... आणि कॅमेरा फिरवणारा माणूस हातातला दांडा सोडून चार पावलं मागं गेला. त्यानंतर सहा वर्षांत नऊ मूकपट झाले. कधी मुंजा, कधी समंध, कधी स्मशानातला जोगी. गावोगावचे लोक त्याला बघायला पैसे देत आणि तो रस्त्यात दिसला की वाट बदलत.

पण आता चित्रं बोलू लागली होती. कंपनीचा भुताचा पहिला बोलपट निघत होता. भुताला वाक्यं होती, आणि तोंडात पत्र्याचे सुळे घातले की नागोजीच्या तोंडून शब्दांऐवजी नुसती फुसफुस बाहेर पडत होती. डायरेक्टरनं दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर काम मुंबईच्या दुसऱ्या नटाकडं जाणार होतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. माणसानं चार घास खावेत म्हणून आपण दात करतो, रक्त पिणाऱ्याचे सुळे जैनाच्या घरातून बाहेर पडायचे नाहीत, असं ते म्हणाले.

मग नागोजीनं सांगितलं, की ह्या चित्रातलं भूत रक्त पीत नाही, कुणाला मारत नाही. लढाईत मेलेला एक सरदार आपल्या गढीवर परत येतो, राणीच्या दारात उभा राहतो आणि दार उघड म्हणतो.

"नुसता उभा ऱ्हातो?" आप्पांनी विचारलं.

"नुसता उभा ऱ्हातो."

"मग सुळे कशाला?"

"सुळ्याबिगर भूत कोण बघणार, असं डायरेक्टर म्हणत्यात."

ब्राह्मीला हसू फुटलं. पदर तोंडाशी नेईपर्यंत ते खोलीभर झालंही होतं. आप्पांनी मान तिच्या बाजूला वळवली. लेकीचं असं हसू त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. शेवटी ते कबूल झाले, पण एक अट घालून. हस्तिदंत नको आणि हाड नको.

मग सुळे करायचे कशाचे? ब्राह्मीनं चार दिवस विचार केला आणि माळ्यावरची फुटकी लोणच्याची बरणी खाली काढली. चिनी मातीचा जाड तुकडा, पिवळसर पांढरा, थेट म्हाताऱ्या दातासारखा. सहाणेवर पाणी घालून ती तो घासत बसली.

दर बाजारला नागोजी कोल्हापूरहून सर्व्हिस मोटारीनं यायचा. पहिल्यांदा त्याच्या तोंडाचा ठसा घेतला तेव्हा ठशाचं प्लॅस्टर सुकेपर्यंत त्याला आ वासून बसावं लागलं, आणि ब्राह्मीची जीभ सुटली. उघड्या तोंडाच्या माणसापुढं बोलायला तिला कधीच संकोच वाटला नव्हता. ती माणसं उत्तर देऊ शकत नसत. तिनं त्याला बस्तीच्या देवळातल्या पुजाऱ्याच्या कवळीची गंमत सांगितली, वखारीतल्या बायकांची गाणी सांगितली. त्याचे डोळे हसत होते. एक पूर्ण हसत होता, एक अर्धा.

ठसा निघाल्यावर त्यानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाला, "एक सांगू काय, डाक्टरीणबाई?"

"डाक्टर आप्पा हायत."

"आप्पांचा हात माझ्या हनुवटीवर हुता. तोंडात बघत हुता ते डोळे तुमचे. मला बघायची सवय हाय... लोकं माझ्याकडं बघत न्हाईत, तवा मी लोकांकडं बघतो."

ठसा हातात घेऊन ब्राह्मी आत गेली. पाच वर्षांत हे ओळखणारा तो पहिला होता, आणि ओळखूनही खुर्चीतून उठून न गेलेला.

पुढच्या खेपेला तिनं धीर करून विचारलं, की माणसं एवढी भितात तरी कशाला. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं, नागोजी हातात पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता. दाखवू का, असं त्यानं विचारलं. तिनं मान हलवली.

त्यानं तांब्या खाली ठेवला. दुसरं काहीच केलं नाही. दात दाखवले नाहीत, डोळे वटारले नाहीत. फक्त चेहऱ्यातून तो निघून गेला... घरातली माणसं दार उघडं टाकून निघून जावीत तसा. गालांतलं हसू गेलं, कपाळावरची आठी गेली, डोळे तिच्याकडं होते पण त्यांत कुणीच नव्हतं. भर उन्हात ब्राह्मीच्या हातावर काटा आला. घासायची कानस बोटांतून कधी निसटली ते तिला कळलं नाही. आणि मग, दिवा लागावा तसा तो परत आला. डोळ्यांत, गालांत, ओठांच्या कोपऱ्यात.

"कुठं गेलता?" तिनं विचारलं.

"ल्हानपणी शिकलो," तो म्हणाला. "माझं तोंड बघून लोक कुठं दचकत्यात, कुठं न्हाय, ते बघत बसायचो. पापणी एवढी खाली आली की आत्या दचकायची. ओठ असा केला की मास्तर. मग वाटलं, जे हाय ते आपल्या हातात तरी ठेवावं."

त्या दिवशी तो गेल्यावर तिनं आरशात स्वतःचा चेहरा बराच वेळ बघितला. आपल्याला ह्यातलं काहीही येत नाही, ह्याचं तिला फार आश्चर्य वाटलं. देवळातल्या शिल्पासमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं — हे कुणी केलं, कसं केलं, आणि ते आपल्याच घरातल्या खुर्चीत येऊन कसं बसलं.

सुळे तयार झाले. लाल रबरात बसवलेले, टोकाला किंचित झिजवलेले, हिरडीवर फुलासारखे टेकणारे. तिनं त्यांना लवंगेचं तेल लावलं आणि त्याच्या तोंडात बसवले. मग वाक्य म्हणायला सांगितलं. वाक्य होतं — दार उघड, राणी, बाहेर थंडी आहे.

"दार उघड, राणी," नागोजी गरजला. "बाहेर हंडी आहे."

"हंडी कशाला उघडायची?" ब्राह्मी म्हणाली.

त्यालाही हसू आलं आणि हसताना सुळे सुटून त्याच्याच मांडीवर पडले. चार बाजार असेच गेले. ती घासायची, तो गरजायचा, हंडीची थंडी होईना. तो निराश होत चालला. मुंबईचा नट कोल्हापुरात येऊन उतरल्याची बातमी त्यानं एकदा सांगितली, आणि ती सांगताना हसला नाही. दिवाळी तेरा दिवसांवर आली होती.

"वरडता कशाला?" ती शेवटी म्हणाली.

"भूत वरडतंय. डायरेक्टरनं तसंच सांगितलंय."

"नवी कवळी बसवलेल्या माणसाला आम्ही पयलं हेच सांगतो, वरडू नका, पडंल. हळू बोला." तिनं कानस खाली ठेवली. "घरी म्हैस अडून बसली तर तिच्याशी कसं बोलता?"

"तिच्याशी...? असंच. हळू."

"मग तसं म्हणा."

"लोक हसतील."

"मी हाय न्हवं इथं. मी हसते का बघा."

नागोजीनं डोळे मिटले. खोलीत रबराचा आणि लवंगेचा वास होता. बाहेर कुणीतरी शिंकलं. आणि मग तो बोलला, जवळजवळ ओठांतल्या ओठांत, सुळ्यांना न दुखवता, एकेक अक्षर त्यांच्यामधून वाट काढत — "दार उघड, राणी... बाहेर थंडी आहे."

ब्राह्मी हसली नाही. पलीकडच्या खोलीत आप्पा माळ जपत बसले होते. त्यांच्या मण्यांचा आवाज थांबला.

"थंडीच म्हणालासा," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी तिनं सुळे डबीत घातले. तिनं डबी पुढं केली, त्यानं ती घेतली, आणि बोटांना बोटं लागली तेव्हा कुणीच हात मागं घेतला नाही. ज्या तोंडात तिनं दोन महिने बोटं घातली होती, त्या माणसाच्या नुसत्या बोटाच्या टोकानं तिचे कान तापले.

"चित्र बेळगावात लागंल तवा पास धाडतो," तो म्हणाला. "येशील न्हवं... येणार न्हवं?" चुकून तोंडातून निघालेला एकेरी शब्द त्यानं घाईनं सावरला. ती येते म्हणाली. खेळ सुटला की दारात उभा राहीन, असं त्यानं सांगितलं आणि मोटारीकडं गेला.

दिवाळीत त्याचं कार्ड आलं, की हळू आवाज डायरेक्टरला पटला आणि काम त्याच्याकडंच राहिलं. पास आले ते चैत्रात. आप्पा स्वतःहून चला म्हणाले. दिसत नसताना सिनेमा कशाला, असं तिनं विचारलं नाही. बेळगावला शहापुरात प्रेमला आत्याकडं ते उतरले, आणि दुपारच्या खेळाला तिघं गेली. बायकांच्या बाजूला ब्राह्मी आणि आत्या. मधल्या आडपडद्याच्या पलीकडं पुरुषांत आप्पा.

दिवे गेले. एवढ्या मोठ्या भिंतीवर माणसं चालू-बोलू लागली तेव्हाच ब्राह्मी खुर्चीच्या काठावर आली होती. पण नागोजी अजून दिसला नव्हता. गढी दिसली, पाऊस दिसला, दिव्याजवळ बसलेली राणी दिसली. आणि बंद दार. बराच वेळ नुसतं दार. कुणीतरी पलीकडं उभं आहे हे थेटरातल्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि काही होत नव्हतं. बायकांची अडकित्त्याची टकटक थांबली. कुणाचं तरी तान्हं रडत होतं ते गप्प झालं.

मग आवाज आला. गर्जना नव्हे, हळू, दमलेला, कानाशी वाकून बोलावा तसा. "दार उघड, राणी... बाहेर थंडी आहे."

आणि दाराच्या फटीतून तो दिसला. भिंतीएवढा चेहरा. ती प्रत्येक वण ओळखत होती. त्या सुळ्याचा डावा कंगोरा तिनं मंगळवारी दुपारी सहाणेवर घासला होता. तरीही तो नागोजी नव्हता. तो खरोखरच मेलेला होता, खरोखरच गारठलेला होता, आणि थेट तिच्याकडं बघत होता. डोळ्यांत कुणी नव्हतं असं नाही; ह्या वेळी त्यांत कुणीतरी होतं, फार लांबून चालत आलेलं. ब्राह्मीच्या तोंडून किंकाळी फुटली. तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि चित्र संपेपर्यंत बोटांच्या फटीतून बघत राहिली. राणीनं शेवटपर्यंत दार उघडलं नाही. उजाडलं तेव्हा उंबऱ्याबाहेर कुणीही नव्हतं.

दिवे लागल्यावर कुणी उठेना. मग एकाएकी सगळं थेटर टाळ्यांनी भरून गेलं.

दारात नागोजी नव्हता. तिकिटं फाडणाऱ्या रवळूनं सांगितलं, की भूत स्वतः आलं होतं आणि सारा वेळ खांबाआड उभं होतं. पडद्याकडं बघतच नव्हतं. बायकांच्या बाजूला बघत होतं. मधेच एक बाई किंचाळली, तसा त्यानं तोंडावर रुमाल ओढला आणि बाहेर पडून येळ्ळूरच्या वाटेला लागला.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत आत्यानं वाढलेलं ताट ब्राह्मीनं तसंच सारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनीच छकडा सांगितला. येळ्ळूरला जायचं, म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

नागोजी घरामागच्या खळ्यात दोर वळत बसला होता. तिला बघताच त्याचा हात खांद्यावरच्या पंचाकडं गेला.

"तोंड झाकू नका," ब्राह्मी म्हणाली.

"काल भ्यालासा."

"व्हय. भ्याले."

त्यानं मान फिरवली. दोराचा पीळ त्याच्या हातात उलगडत चालला होता. सगळी भितात, त्याचं काही नाही, तो म्हणाला. लोकांनी भ्यावं म्हणूनच तो ते करतो. पण जगात एक माणूस असं असावं की ज्यानं भिऊ नये... असं उगाच त्याला वाटलं होतं.

"ऐका तरी," ती म्हणाली. "सुळे माझे. कुठला कंगोरा किती घासलाय ते मला ठावं हाय. ते वाक्य माझ्यासमोर घासून-पुसून झालं. तरीबी मी भ्याले. तुमच्या तोंडाला न्हाय भ्याले. आमच्या खुर्चीत बसून जो हंडी-हंडी म्हणत हुता, त्याच्या आत एवढं मोठं काय दडलंय, ते बघून भ्याले. वळणावर डोंगर एकदम म्होरं उभा ऱ्हातो, तसं. आणि मी त्याला वरडू नका म्हणत हुते, हळू बोला म्हणत हुते... मला माझीच लाज वाटली."

नागोजी आता तिच्याकडं बघत होता.

"आणि एक," ती म्हणाली. "त्या राणीनं दार उघडलं न्हाय. मी असते तर उघडलं असतं."

ज्याच्या एका वाक्यानं काल थेटर गोठलं होतं, त्या माणसाला बोलता येईना.

"माझ्यासंगं..." तो अखेर म्हणाला, आणि ह्या वेळी त्यानं एकेरी शब्द सावरून घेतला नाही, "येशील?"

"येईन. पण आप्पांस्नी इचारा. म्होरं छकड्यात बसल्यात."

आप्पांना विचारावं लागलंच नाही. पावलं ऐकून त्यांनीच हात पुढं केला आणि नागोजीचा चेहरा चाचपून बघितला. वण, पापणी, जबडा.

"मला चित्र दिसलं न्हाय," ते म्हणाले. "आवाज ऐकला. त्याच्या आदी दोन म्हैने भिंतीपलीकडनं ऐकतच हुतो. ते वाक्य तू राणीला म्हणत न्हवतास, लेकरा."

नागोजीची आई बाळाबाई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. लेकाचा एकही सिनेमा तिनं बघितला नव्हता. पोराला मेलेलं कशाला बघायचं, असं ती म्हणायची. ती ब्राह्मीजवळ आली, तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि कलत्या उन्हाकडं बघून म्हणाली, "तुमच्यात सांज व्हायच्या आत जेवत्यात न्हवं? मग मी चुलीला लागते."

पुढचं सोपं नव्हतं. निपाणीत पंचांनी आप्पांना बोलावून विचारलं. जैनाची पोर मराठ्याच्या घरात, तेही तोंडाला रंग फासणाऱ्याच्या, तेही भुताच्या. दोन सोयरे घरी यायचे बंद झाले. प्रेमला आत्या रडली आणि मग गुपचूप लुगडं धाडलं. ब्राह्मी घाबरून गेली, की आप्पांना ह्या वयात गाव वाळीत टाकेल. त्यावर ते म्हणाले, "निम्म्या गावाच्या तोंडात आपलेच दात हायत. बोलतील ते आपल्याच दातांनी बोलतील. बोलू देत."

मुंबईच्या एका कंपनीनं नागोजीला बोलावलं होतं. तिकडं तो तीन महिने जाईल, उरलेला वेळ निपाणीत राहील आणि ब्राह्मी आपलं काम करील, असं दोघांत ठरलं. लग्न कुणाच्या रीतीनं लावायचं, ह्यावर दोन्हीकडचे भांडू लागले तेव्हा आप्पांनी बेळगावच्या कचेरीत साहेबापुढं नोंद करायची वाट काढली. जैन आणि हिंदूंना धर्म न सोडता असं लग्न लावता येतं, हे त्यांना एका वकिलानं सांगितलं होतं.

कचेरीत पावसाळी कोंदट उजेड होता. कारकून कानडी, पण मराठी चांगली बोलायचा. मान खाली घालून तो एकेक रकाना भरत होता. नाव, वय, गाव. नवऱ्यामुलाचा धंदा विचारला तेव्हा नागोजी घुटमळला. गावात, मोटारीत, कुठंही कुणी विचारलं की तो शेती म्हणून सांगायचा.

"नट," ब्राह्मी म्हणाली. "सिनेमात भुताचं काम करत्यात. तसं लिवा."

कारकुनानं मान वर केली आणि प्रथमच समोरच्या माणसाकडं बघितलं. टाकाची शाई कागदावर पडायच्या आधी त्यानं ती कशीबशी दौतीत परत झटकली. मग मुकाट्यानं लिहिलं. पुढं नवऱ्यामुलीचा रकाना होता. तिथं विचारायची गरज नव्हती. घरकाम लिहायला त्यानं टाक टेकवला.

नागोजीनं कागदावर हात आडवा धरला. "दात करती," तो हळू म्हणाला. "निपाणीत. गेली पाच-सहा वर्षं सगळे दात हिनंच केल्यात. तसंच लिवा."

त्या हळू आवाजाला कचेरीत कुणी नाही म्हणालं नाही. ब्राह्मीनं आप्पांकडं बघितलं. ही गोष्ट आजवर घराच्या भिंतीबाहेर कधी गेली नव्हती. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात काठीवर. त्यांनी कारकुनाला विचारलं, की काय लिहिलं ते जरा वाचून दाखवाल का. आपल्याला दिसत नाही.

कारकुनानं घसा साफ केला आणि वाचलं. नवरामुलगा नागोजी, राहणार येळ्ळूर, धंदा नट. नवरीमुलगी ब्राह्मी जिनपाल, राहणार निपाणी, धंदा दात तयार करणे.

आप्पांनी सगळं मान किंचित कलती करून ऐकलं. काठीवरचा हात उचलून त्यांनी लेकीचा हात शोधला.

"दुसरी ओळ," ते म्हणाले, "आणि एकदा वाचा."